ब्रॅकाच पुरे, की मोठं पॅनेल?

आजीला स्तनाचा कर्करोग होता, आत्याला अंडाशयाचा झाला. आता डॉक्टरांनी तुम्हाला जेनेटिक टेस्टची चिठ्ठी लिहून दिली आहे आणि लॅबवाला विचारतोय, फक्त ब्रॅका (म्हणजे दोनच जनुकांची तपासणी) करायची की पॅनेल (एकाच वेळी बऱ्याच जनुकांची)? बहुतेक जण इथे किंमत विचारतात. मी आधी विचारेन, रक्त कोणाचं देताय?

आत्या हयात असेल तर तिचंच द्या. आजार ज्याला झाला त्याच्या रक्तात जनुकाचा घातक बदल सापडला, की बाकीच्या भावंडांची नि भाचरांची तपासणी त्या एका जागेपुरती करता येते. ती स्वस्त पडते आणि उत्तरही ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं सरळ येतं. तुम्ही निरोगी असताना पहिलं रक्त तुमचंच दिलंत आणि रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही, तर घरातला बदल तुमच्याकडे आला नाही की तो या तपासणीत दिसणाराच नव्हता, हे कळायला मार्ग नाही. तरी लोक पेढे वाटून मोकळे होतात.

‘बाबांच्या बाजूचा आजार मला कसा येईल?’ हे तर हमखास ऐकू येतं. येतो. बाबा ठणठणीत असले तरी त्यांच्याकडे असलेला बदल प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता निम्मी असते. आपल्याकडे आजाराचा इतिहास विचारला की आई-मावशी-आजोळ एवढंच सांगितलं जातं आणि आत्या राहून जाते.

आता मुद्द्याचं. ब्रॅका-1 आणि ब्रॅका-2 ही दोन जनुकं सगळ्यात जास्त अभ्यासलेली. 2017 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, बिघडलेलं ब्रॅका-1 असलेल्या 100 बायकांपैकी सुमारे 72 जणींना वयाच्या 80 पर्यंत स्तनाचा कर्करोग होतो आणि 44 जणींना अंडाशयाचा. ब्रॅका-2 साठी हेच आकडे 69 आणि 17. म्हणजे ब्रॅका-1 वाल्या 100 पैकी 28 जणींना त्या वयापर्यंत स्तनाचा होतही नाही, हे रिपोर्ट हातात देणाऱ्याने सांगायलाच हवं. या दोन जनुकांबाबत पुढे काय करायचं तेही बरंच ठरलेलं आहे: कमी वयापासून स्तनांचा एमआरआय, मुलंबाळं झाल्यावर अंडाशय काढण्याचा विचार, आणि आजार झालाच तर याच बिघाडावर नेम धरणारी ओलापॅरिबसारखी औषधं.

पॅनेलमध्ये ही दोन असतातच, शिवाय पीएएलबी-2, टीपी-53, चेक-2, एटीएम (बँकेचं नव्हे) वगैरे. अमेरिकेत ब्रॅकाचं पेटंट एकाच कंपनीकडे होतं; 2013 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक जनुकावर पेटंट घेता येत नाही असा निकाल दिला, तेव्हापासून इतर लॅबही ब्रॅका पॅनेलमध्ये घालू लागल्या. आज दोन्हींच्या दरांत पूर्वीइतकं अंतर राहिलेलं नाही.

पॅनेलचा खरा उपयोग टीपी-53 सारख्या जनुकात दिसतो. तिथे बिघाड निघाला तर रेडिएशन शक्यतो टाळतात; स्तन वाचवणाऱ्या ऑपरेशननंतर ते सहसा लागतं, म्हणजे ऑपरेशनचा बेतच बदलतो. पीएएलबी-2 चा धोकाही मोठा. पण चेक-2 आणि एटीएममध्ये तो मध्यम असतो, आणि घरातल्या एखादीत तो बदल सापडला नाही म्हणून तिची काळजी मिटली असं म्हणता येत नाही.

जितकी जनुकं जास्त, तितके ‘व्हीयूएस’ही जास्त. म्हणजे बदल दिसला, पण तो घातक की निरुपद्रवी हे आज ठरवता येत नाही. जगातली माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची, त्यामुळे आपल्याकडच्या रिपोर्टांत हा शेरा जास्त आढळतो. पुढे वर्गीकरण बदललं तर ते बहुतेकदा निरुपद्रवीच्याच बाजूला जातं. व्हीयूएसवरून कोणी स्तन किंवा अंडाशय काढायला सांगत असेल, तर तिथून उठा आणि दुसरं मत घ्या.

अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेलं थुंकीचं किट मात्र या स्पर्धेत नाहीच. 2018 साली असं किट विकणाऱ्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ कंपनीला परवानगी मिळाली ती ब्रॅकातल्या हजारो बदलांपैकी फक्त तीन पाहायची, आणि ते तिन्ही मुख्यतः अश्केनाझी (मूळच्या मध्य-पूर्व युरोपातल्या) ज्यूंमध्ये आढळणारे. 2023 साली ही संख्या 44 झाली, तरी हजारोंपुढे ती थोडीच.

माझं मत विचाराल तर आजारी व्यक्तीचं रक्त मिळत असेल तर पॅनेल. घरात बदल आधीच सापडला असेल तर फक्त त्या एका जागेची टेस्ट. अशा वेळी पॅनेलची गरज सहसा दुसऱ्या बाजूच्या घरातही कर्करोग असेल तरच. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर ऐकून ज्यांची झोप उडेल, त्यांनी ब्रॅकापुरतं थांबलं तरी मी नावं ठेवणार नाही.

पैसे भरण्याआधी लॅबला दोन गोष्टी विचारा. जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर तुमच्या तपासणीत दिसतो का? आणि व्हीयूएसचा अर्थ उद्या बदलला, तर नवा रिपोर्ट पाठवता का, आणि कोणाला: मला की डॉक्टरांना?