फील्ड पोस्टिंग आली: मुरारचं क्वार्टर की लष्करातलं घर?

नवऱ्याची फील्ड पोस्टिंग, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशी नेमणूक, निघाली की आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पहिला प्रश्न हाच: सुनेने मुरारच्या छावणीत सेपरेटेड फॅमिली क्वार्टर (अशा मागे राहिलेल्या कुटुंबाला मिळणारं सरकारी घर) घ्यायचं, की सासरी लष्करात राहायचं? १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी पडली म्हणून आपल्या वस्तीचं नाव लष्कर. गंमत अशी, की मिलिटरी हॉस्पिटल (एम.एच.) मुरारला. मी दोन्हीकडे राहिले आहे.

औषधपाण्याचा हक्क दोन्हीकडे सारखाच. डिपेंडंट कार्ड असलं की एम.एच.मध्ये तपासणी, औषधं, बाळंतपण, सगळं होतं. अडतं ते जाण्यायेण्यात. क्वार्टरमधून शेजारणीच्या स्कूटीवर निघता येतं. घरून निघायचं तर सकाळी महाराज बाड्याच्या चौकातल्या गर्दीतून टेंपो, तोही सातव्या महिन्यात!

घराजवळ नर्सिंग होम आहेत की, असं म्हणाल. पण एम.एच.ने रेफर न करता आपल्या मनाने गेलात तर खर्च आपला, हे धरूनच चाला. एका रात्री पोटात दुखलं म्हणून मी घाबरून तिथे गेले, तर काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं. सासऱ्यांनी पिशवीतून पेन्शनचं पासबुक काढून पुढे केलं, "हे ठेवा." दुखणं गॅसचं निघालं.

सासरे माजी सैनिक असतील तर त्यांचं ई.सी.एच.एस. कार्ड वेगळं. २००३ ची ती उपचारांची योजना निवृत्तांची. नवरा नोकरीत असेपर्यंत तुमचं काम त्या योजनेच्या पॉलिक्लिनिकात होत नाही. एका घरात दोन कार्डं, दोन रांगा.

मनाचं म्हणाल तर क्वार्टर सरस. चार दिवस फोन आला नाही की शेजारीण काही न विचारता चहा घेऊन येते. तिचाही नवरा वर सीमेवरच असतो. सासरी माया भरपूर, पण सासूबाईंना काळजी नको म्हणून मी मोरीत नळ सोडून रडायची. फारच जड झालं तर टेलिमानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फौजी कुटुंबांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या ए.एफ.एम.सी.त (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) तिचा वेगळा कक्षही सुरू झाला.

माझं मत: सासू-सासरे धडधाकट असतील तर क्वार्टर घ्या आणि नवव्या महिन्यात सासूबाईंनाच तिकडे बोलवा. सासऱ्यांना इन्सुलिन द्यायला घरात दुसरं कुणी नसेल तर लष्करातच राहा, एम.एच.च्या तारखेला ऑटो ठरवून ठेवा. अर्ज मात्र पोस्टिंगचा हुकूम हातात पडताच टाका. क्वार्टर नको वाटलं तर सोडता येतं, पण वेटिंगमध्ये मागे पडलात तर बाळ आधी येईल.