कर्करुग्णाची नियंत्रणभावना: सर्वसाधारण प्रश्नावली की आजारनिष्ठ?
आपले आरोग्य स्वतःच्या, इतरांच्या की नशिबाच्या हाती आहे असे माणसाला वाटते, ही नियंत्रणभावना मोजणारी प्रश्नावली म्हणजे आरोग्य-नियंत्रण मापनश्रेणी. मानसशास्त्रज्ञ वॉल्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेले तिचे ‘अ’ आणि ‘ब’ नमुने एकंदर आरोग्याबद्दल विचारतात, तर १९९४ चा ‘क’ नमुना रुग्णाच्या प्रत्यक्ष आजाराबद्दल विचारतो. विधाने प्रत्येकात १८च. निरोगी व्यक्तींशी तुलना करायची असेल तर जुने नमुने सोयीचे. कर्करुग्णांसाठी मात्र मी ‘क’च निवडेन, कारण त्यात आरोग्यावर प्रभाव असणाऱ्या इतर व्यक्तींचा एकच गट न ठेवता डॉक्टर आणि इतर माणसे वेगळी मोजली जातात, आणि त्यामुळे डॉक्टरांवर पूर्ण भिस्त ठेवणारा, पण आप्तांच्या आधाराबद्दल साशंक असलेला रुग्ण नजरेतून निसटत नाही. तरीही ‘आजार माझ्या हाती आहे’ या भावनेच्या वरच्या गुणांमागे कधी उमेद असते, तर कधी स्वतःला दिलेला दोष. हा फरक रुग्णाशी निवांत बोलल्यावरच कळतो.