कोरिलेशन सॉफ्टवेअर आठ महिने वापरल्यावर

बेलापूरच्या ऑफिसात पावसाळ्यापासून वेल लॉग (विहिरीत खोलीनुसार घेतलेली खडकांची मोजमापं) एका विहिरीचे दुसरीशी जुळवायला नवं सॉफ्टवेअर आलं. कंपनीचं नाव देत नाही. मुंबई ऑफशोअरच्या, म्हणजे समुद्रातल्या जुन्या तेलविहिरींवर काम करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

सगळ्या विहिरी एका मार्करवर (सगळीकडे ओळखू येणाऱ्या थरावर) सपाट करून बघणं हे सर्वांत आवडलं. पूर्वी कागदी पट्ट्या टेबलावर सरकवत दुपार जायची, आता थर कुठे जाड होतो, कुठे गायब होतो, ते दोन मिनिटांत दिसतं. तिरक्या विहिरींची खोली समुद्रसपाटीवर आणण्याचं कामही बिनचूक होतं, फक्त रोटरी टेबलची (रिगवरची जागा, जिथून खोली मोजतात) उंची हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, बरोबर भरलेली हवी. जुन्या लॅस फायलींतले (वेल लॉग याच प्रकारच्या फायलीत साठवतात) रिकाम्या नोंदींचे -999.25 हे आकडे मात्र हेडर अर्धवट असेल तर खरी मोजमापं समजून आलेखात दाखवले जातात. ते हाताने साफ करावे लागतात.

ऑटो पिकवर, म्हणजे थरांच्या सीमा आपोआप ठरवण्यावर, माझी खरी नाराजी आहे. गॅमा रे (खडकाची नैसर्गिक किरणोत्सर्गिता मोजणारा लॉग) शेलमध्ये, म्हणजे चिकणमातीच्या खडकात, चढतो, स्वच्छ चुनखडकात उतरतो, आणि सॉफ्टवेअर तेवढ्याच चढउतारावर चालतं. आपल्याकडे बॅसीन फॉर्मेशनच्या (फॉर्मेशन म्हणजे नाव दिलेला खडकांचा थर) चुनखडकावर मुक्ता फॉर्मेशनचाही चुनखडकच बसलेला, मध्ये शेल पातळ. एका विहिरीत त्याने बॅसीनचा टॉप (वरची सीमा) वरच्या चुनखडकातच टाकला. मला तो पटला होता. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "आधी कटिंग्ज बघून घे," म्हणजे ड्रिलिंगमध्ये वर आलेले खडकाचे तुकडे. मायक्रोस्कोपखाली त्या खोलीवर न्युम्युलाइट्स फिक्टेली हा जीवाश्म दिसला, म्हणजे ऑलिगोसीन, बॅसीनच्या इओसीननंतरचा काळ. इओसीनबरोबर संपलेला डिस्कोसायक्लिना हा जीवाश्म अठरा मीटर खाली पहिल्यांदा आला. टॉप खाली आणला तेव्हा शेजारच्या दोन्ही विहिरींशी जाडी जुळली. ती विहीर मी विसरणार नाही.

नावांच्या बाबतीत सॉफ्टवेअरने मन जिंकलं. पन्ना, पनवेल, बांद्रा, माहीम, चिंचिणी ही समुद्राखालच्या फॉर्मेशन्सची नावं. त्यातली काही तर आपण रोज लोकलमध्ये ऐकतो. बॅसीन हे वसईचंच जुनं नाव, त्यामुळे एका फाइलमध्ये कुणीतरी 'वसई' भरलं होतं आणि एका थराचे दोन थर झाले होते. पर्यायी नावांच्या यादीत दोन्ही जोडली की गोंधळ मिटतो. फॉर्मेशन आणि तेलाचा थर यांचे रकाने वेगळे आहेत, हेही फार बरं. मुंबई हायचा एल-थ्री हे तेलसाठ्याचं कामाचं नाव, फॉर्मेशनचं नव्हे, आणि एकाच रकान्यात दोन्ही घातली की नंतर कुणालाच नीट उलगडत नाही.

एक उणीव राहते. फॉर्मेशनची व्याख्या ज्या विहिरीतल्या ज्या खोलीवरून ठरली, ती नोंदवायला जागाच नाही. जमिनीवर खडकांचा उघडा छेद बघायला जाता येतं, समुद्राखाली ती विहीरच आधार. ही माहिती आम्ही वेगळ्या एक्सेल शीटमध्ये ठेवतो.

मार्चमध्ये लायसन्सचं नूतनीकरण आहे. मी 'घ्या' म्हटलंय, ऑटो पिक बंद ठेवून.