प्री-मेडसाठी जनरल एज्युकेशन: कम्युनिटी कॉलेजात करावं की विद्यापीठातच?

बे एरियातल्या मराठी घरांत मूल हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत आलं आणि त्याला डॉक्टर व्हायचं असलं, की हा विषय निघतोच. आधी चार वर्षांची पदवी (हीच प्री-मेडची वर्षं), मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, त्यापुढे रेसिडेन्सी. एवढा खर्च समोर असताना इंग्रजी, इतिहास, समाजशास्त्र असले, पदवीसाठी सगळ्यांनाच लागणारे जनरल एज्युकेशनचे कोर्स ओलोनी, डी अँझा किंवा फूटहिल अशा कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, करून टाकले तर काय बिघडलं? बरेचदा काहीच बिघडत नाही. पण कोणता कोर्स आणि कधी घेतला, यावर फायदा ठरतो, आणि तिथेच घाई होते.

पैशांचा हिशोब सरळ दिसतो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टरच्या एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे ३ युनिटचा कोर्स १३८ डॉलरला. पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. डी अँझा आणि फूटहिलमध्ये सेमिस्टरऐवजी छोटी क्वार्टर सत्रं असल्यामुळे तिथे युनिटला ३१ डॉलर. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) उन्हाळी सत्रात असाच एक कोर्स हजार डॉलरच्या वर सहज जातो. त्यामुळे उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेज निर्विवाद स्वस्त. नियमित सत्राचं गणित मात्र उलटं आहे. यूसीत पूर्णवेळ विद्यार्थ्याची फी ठोक असते, चौथा कोर्स घेतला म्हणून वाढत नाही. त्या काळात बाहेर कोर्स घेऊन बचत होते ती पदवी एखादं सत्र आधी संपली तरच. तसा बेत नसेल तर हे जास्तीचे पैसे आणि जास्तीची धावपळ आहे.

आता ग्रेडबद्दल. इथे बहुतेक घरांचा गैरसमज असतो आणि तो महागात पडतो. कम्युनिटी कॉलेजातला कोर्स विद्यापीठात आणला की सहसा फक्त क्रेडिट जमा होतं, ग्रेड विद्यापीठाच्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरली जात नाही. म्हणून मुलांना वाटतं, पास झालं की पुरे. पण एमडी देणारी बहुतेक मेडिकल स्कूल ज्या ॲमकास नावाच्या सामायिक अर्जव्यवस्थेमार्फत अर्ज घेतात, तिथे प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट वेगळं मागवतात आणि प्रत्येक कोर्स ग्रेडसकट स्वतः भरावा लागतो. विद्यापीठाच्या कागदावर ज्या ओळीपुढे नुसतं क्रेडिट दिसतं, त्याच ओळीपुढे ॲमकासमध्ये ‘सी’ लिहावा लागतो. कोर्स पुन्हा केला तरी दोन्ही ग्रेड मोजल्या जातात. ठरलेल्या तारखेनंतर सोडलेल्या कोर्सचा ‘डब्ल्यू’सुद्धा दिसतो. हायस्कूलमध्ये असताना ड्युअल एन्रोलमेंटखाली घेतलेले कोर्सही यातून सुटत नाहीत. सोळाव्या वर्षी हौसेने घेतलेला आणि मग दुर्लक्ष केलेला एक कोर्स पाच-सहा वर्षांनी अर्जात येऊन बसतो. फी माफ असते म्हणून दहावीतल्या मुलाला तीन-तीन कोर्सना बसवणाऱ्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे: एकच कोर्स घेऊ द्या, आवडीचा, आणि शाळेचं ओझं कमी असेल त्या सत्रात.

जनरल एज्युकेशन म्हणून आपण ज्यांची एकत्र मोट बांधतो, ते कोर्स प्री-मेडच्या दृष्टीने एकसारखे नाहीत. इतिहास, कला, तत्त्वज्ञान, परदेशी भाषा यांच्याबद्दल मेडिकल स्कूल सहसा ‘कुठे केलं’ असं विचारत नाहीत. ते खुशाल बाहेर करावेत. इंग्रजीचं तसं नाही. विद्यापीठाच्या यादीत ते जनरल एज्युकेशन असतं, आणि कित्येक मेडिकल स्कूलच्या यादीत प्रवेशाची अट. एपीच्या (हायस्कूलमधल्या कॉलेज पातळीच्या परीक्षेच्या) गुणांवर विद्यापीठाने इंग्रजी माफ केलं, पण मेडिकल स्कूलला वर्गात बसून केलेला लेखनाचा कोर्स हवा आहे, अशी वेळ बऱ्याच मुलांवर येते. ती अट भागवायला उन्हाळ्यातला कम्युनिटी कॉलेजचा कोर्स उत्तम. तीसेक मुलांच्या वर्गात निबंधावर लाल पेनने लिहून मिळतं, तेवढं लक्ष मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षी क्वचितच मिळतं.

मानसशास्त्र आणि समाजशास्त्र २०१५पासून एमकॅटमध्ये, म्हणजे मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेत, आहेत, चारपैकी एक विभाग मुख्यतः त्यांचाच. प्राथमिक कोर्स कुठेही केला तरी चालेल, पण परीक्षेच्या जवळ केला तर अभ्यास ताजा राहतो. पहिल्याच उन्हाळ्यात उरकण्याची गरज नाही. स्टॅटिस्टिक्सकडे मात्र नीट बघा. ॲमकास त्याला गणितात धरतं, आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित यांचा जो वेगळा विज्ञान जीपीए निघतो, त्यात ते जातं. सहा आठवड्यांच्या उन्हाळी सत्रात नोकरी सांभाळून स्टॅटिस्टिक्स करणं ही जोखीम आहे.

विज्ञानाचे मुख्य कोर्स, म्हणजे रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: विद्यापीठात प्रवेश मिळालेला असेल तर ते तिथेच करा. कम्युनिटी कॉलेजचे कोर्स बहुतेक मेडिकल स्कूल स्वीकारतात, पण विज्ञानाच्या अटी चार वर्षांच्या कॉलेजात पूर्ण झालेल्या काहींना अधिक पसंत असतात. शिवाय अवघड विषय बाहेर आणि बाकीचे विद्यापीठात, असं चित्र ट्रान्सक्रिप्टवर दिसणं बरं नाही.

ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे पहिली दोन्ही वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढायची आहेत, त्यांना हा नियम लावू नका. त्यांचा मार्ग वेगळा आणि पूर्ण सन्मानाचा आहे. ‘कुठल्या कॉलेजला आहे?’ या पुण्याहून येणाऱ्या फोनला घाबरून कर्ज काढू नका. कॅल-जीईटीसी ही कोर्सची ठरावीक यादी पूर्ण केली की यूसी आणि सीएसयूचं (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचं) पहिल्या दोन वर्षांचं जनरल एज्युकेशन भागतं, आणि यूसीच्या सहा कॅम्पसवर टॅग या ट्रान्सफरच्या योजनेखाली प्रवेशाची हमीही मिळू शकते. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. खरी अडचण येते ट्रान्सफरनंतर. उरलेल्या दोन वर्षांत वरच्या पातळीचं जीवशास्त्र आणि बायोकेमिस्ट्री चांगल्या ग्रेडने करून दाखवायची, संशोधन आणि रुग्णालयातला अनुभव मिळवायचा आणि शिफारसपत्रं देण्याइतके ओळखणारे प्राध्यापक गाठायचे. यासाठी पदवीनंतर एक वर्ष मोकळं धरूनच चाला. मेडिकल स्कूलला जाणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांनी आता असं वर्ष घेतलेलं असतं.

एच-४वर (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट, कारण ती उशिरा कळते. अमेरिकेतली बहुतेक मेडिकल स्कूल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात, आणि एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो. कोर्सवर वाचवलेल्या पैशांपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. इमिग्रेशनच्या वकिलाशी आधी बोला.

नाव नोंदवण्यापूर्वी यूसी-सीएसयूसाठी असिस्ट या वेबसाइटवर त्या कोर्सची समकक्षता बघा. न्यू जर्सीत एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजातून रटगर्स विद्यापीठाला कोर्स नेण्यासाठी एनजे ट्रान्सफर ही तशीच वेबसाइट आहे. खासगी विद्यापीठ असेल तर तिथल्या सल्लागाराचा होकार ईमेलवर घ्या, तोंडी नको. मनातल्या पाच-सहा मेडिकल स्कूलच्या अटी एमएसएआर या मेडिकल स्कूलच्या प्रवेश-अटींच्या ऑनलाइन संग्रहात वाचा. आणि प्रत्येक कोर्सचा सिलॅबस उतरवून ठेवा. चार वर्षांनी एखादं मेडिकल स्कूल या कोर्समध्ये लेखन किती होतं असं विचारतं, आणि तोपर्यंत शिकवणारे कॉलेज सोडून गेलेले असू शकतात.