‘एलियन’ पाहिला, आता पुढे कोणता? ‘एलियन्स’ की ‘एलियन ३’

रिडली स्कॉटचा १९७९चा ‘एलियन’ पाहिलात, आवडला, आणि पुढचा कोणता पाहू असं मित्रांना विचारलंत, तर कान किटेपर्यंत ऐकायची तयारी ठेवा. दादरला आमच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की कटिंग गार होते, पण निकाल लागत नाही. दावेदार दोनच: जेम्स कॅमेरॉनचा १९८६चा ‘एलियन्स’ आणि डेव्हिड फिंचरचा १९९२चा ‘एलियन ३’. (पुढे थोडी कथा फुटेल. त्याशिवाय हे भांडण सांगताच येत नाही.)

पहिल्या भागात सात माणसं, एक मालवाहू यान आणि एकच प्राणी. कॅमेरॉनने प्राण्यांची फौज आणली, समोर बंदूकधारी सैनिक उभे केले आणि भयपटाचा युद्धपट केला. ज्यांना अंधारात अर्धवट दिसणारा तो प्राणी आवडला होता ते विचारतात, गोळीने मरतो म्हटल्यावर त्याला घाबरायचं कशाला? मुद्दा खरा आहे. पण नायिका रिप्ली मनात घर करते ती याच भागात. ती यानात ५७ वर्षं झोपून राहते, तोवर तिची मुलगी म्हातारी होऊन वारलेली असते. मग उजाड वसाहतीत एकटी वाचलेली छोटी मुलगी न्यूट तिला सापडते. सिगर्नी वीव्हरला या भूमिकेसाठी ऑस्कर नामांकन मिळालं, ते उगाच नाही.

रिप्लीच्या मुलीचा तो प्रसंग मात्र मूळ चित्रपटात नाही, नंतर आलेल्या वाढीव आवृत्तीत आहे. म्हणून आधी तीच पाहावी का? पहिल्या खेपेला नको. तिच्यात हल्ल्याआधीची वसाहतही दाखवून टाकली आहे, त्यामुळे सैनिक तिथे उतरतात तेव्हाची धाकधूक निम्मी होते.

‘एलियन ३’ हा फिंचरचा पहिलाच चित्रपट. सुरुवातीलाच न्यूट आणि ‘एलियन्स’मधला सैनिक हिक्स मेलेले! जिला वाचवण्यासाठी आपण आधीचा अख्खा चित्रपट श्वास रोखून बसलो, तिचं शवविच्छेदन बघायचं. खुद्द कॅमेरॉनने यावर जाहीर नाराजी दाखवली होती. चाहत्यांची उभी फूट पडली ती इथेच, आणि चिडणाऱ्यांना मी दोष देणार नाही. तरीही तुरुंगग्रहावरचे कैदी, हाताशी शस्त्र नाही, पुन्हा एकच प्राणी, डोकं भादरलेली रिप्ली हे सगळं कॅमेरॉनपेक्षा स्कॉटच्या जास्त जवळ जातं. स्टुडिओच्या ढवळाढवळीला कंटाळून फिंचरने या चित्रपटाशी नातंच तोडलं. २००३ साली आलेली लांब आवृत्तीही त्याच्याशिवायच तयार झाली, पण कैद्यांची श्रद्धा आणि त्यांची भांडणं तिच्यातच नीट कळतात.

२०२४चा ‘एलियन: रोम्युलस’ही आहे. कथेच्या काळाने तो पहिल्या दोन भागांच्या मधला. पूर्वार्ध झकास, पण पहिल्या भागातला नट, दिवंगत इयन होमचा चेहरा तंत्राने परत आणलाय, तो मला खटकला. ‘एलियन’ची पूर्वकथा असलेल्या ‘प्रोमिथियस’ला तूर्त हात लावू नका. जे न सांगण्यात मजा होती तेच तो उकलत बसतो.

तेव्हा आधी ‘एलियन्स’. रविवारी मेगाब्लॉक आहे, घरीच बसायचंय, म्हणून दोन्ही सलग मात्र लावू नका. न्यूट मनात ताजी असताना फिंचरला तुमच्याकडून न्याय मिळणार नाही. महिनाभर जाऊ द्या, आणि मग लावाल ती २००३ची आवृत्तीच लावा.