‘गॅस संपलाय’ म्हणणाऱ्या मेकॅनिकच्या हातातली ॲलन की बघा

उन्हाळा सुरू झाला की ही टोळकी घरोघर फिरू लागतात, म्हणून आत्ताच लिहितेय. नागपुरात माझ्या आई-बाबांना एसीचा गॅस भरण्याच्या नावाखाली ४,२०० रुपयांना गंडवलं गेलं, आणि ज्या पद्धतीने गंडवलं ती कोणाच्याही डोळ्यांदेखत चालते.

एसी थंड करेना म्हणून बाबांनी नेटवर कंपनीचं ‘कस्टमर केअर’ शोधलं आणि सगळ्यात वर जाहिरातीत आलेल्या नंबरवर फोन लावला. तासाभरात दोघं जण हजर. गॅलरीतल्या बाहेरच्या युनिटला त्यांनी गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) लावलं, थोडी खुडबुड केली आणि बाबांना बोलावून काटा दाखवला. काटा शून्यावर. “काका, गॅस पूर्ण संपलाय. असाच चालवला तर कॉम्प्रेसर जाईल, मग वीस हजार.” बाबांनी होकार दिला. सिलिंडर जोडला, काटा सरसर वर चढला, खोलीत गारवा आला. बाबांना सगळ्या कामाचे व्हिडिओ काढायची सवय आहे, तसा त्यांनी याचाही काढला.

तो व्हिडिओ मी शेजारच्या काकांना दाखवला. ते आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकवत होते. त्यांनी दोन ठिकाणी थांबवून दाखवलं.

बाहेरच्या युनिटच्या बाजूला पितळेचे दोन वाल्व असतात, एक बारीक नळीचा आणि एक जाड नळीचा. गेज लागतं जाड नळीच्या वाल्ववर. एसी चालू असताना त्या माणसाने बारीक नळीच्या वाल्वची टोपी काढली आणि ॲलन की (सहा कडांची वाकडी चावी) घालून तो वाल्व बंद केला. एवढं केलं की कॉम्प्रेसर घरातल्या कॉइलमधला आणि नळ्यांमधला सगळा गॅस ओढून बाहेरच्या युनिटमध्ये कोंडतो आणि दोन-तीन मिनिटांत काटा शून्यावर येतो. एसी दुसरीकडे हलवताना गॅस वाया जाऊ नये म्हणून मेकॅनिक हेच करतात, त्याला पंप डाउन म्हणतात. इथे तीच युक्ती चोरीसाठी वापरली. मग सिलिंडर नुसता जोडायचा, वाल्व परत उघडायचा. आपलाच गॅस आपल्याच नळ्यांत परत येतो, काटा चढतो आणि आपण पैसे मोजतो. व्हिडिओत सिलिंडरची चावी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही फिरलेली नाही.

बिलही खोटं. त्यावर ‘आर-३२ (आमच्या एसीतल्या गॅसचा प्रकार), दीड किलो’ असं लिहिलंय, आणि आमच्या युनिटच्या स्टिकरवर पूर्ण भरलेल्या गॅसचं वजनच ७८० ग्रॅम छापलेलं आहे. मग गारवा कशाने आला? त्यांनी ‘फ्री सर्व्हिस’ म्हणून फिल्टर आणि कॉइल धुतली होती. धुळीने हवा अडली होती, मूळ दुखणं तेवढंच. त्यामुळेच बहुतेकांना आपण फसलो हे कधी कळतच नाही, उलट त्या पोरांना चहा पाजून पाठवतात.

पैशांपेक्षा मला धास्ती वाटली ती पुढच्या गोष्टीची. पंप डाउन चालू असताना गेजची नळी ढिली असेल किंवा एसी वेळेत बंद केला नाही, तर कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो. आत तेल, त्यात हवा, वर प्रचंड दाब. अशाने कॉम्प्रेसर फुटल्याचे अपघात जपानमध्ये झालेले आहेत. आमच्या गॅलरीत त्या युनिटपासून दोन हातांवर आई तुळशीला पाणी घालत होती, व्हिडिओत दिसतेय ती. शिवाय आर-३२ हा सौम्य का होईना, पण ज्वलनशील गॅस आहे. नळीत गॅस असताना कोणी टॉर्च पेटवून झाळकाम करू लागला तर त्याला तिथेच थांबवा. हा गॅस जळला की विषारी वायू तयार होतो. गळती तपासायला नळ्यांत नायट्रोजनचा दाब द्यायचा असतो. काही जण वेल्डिंगचा ऑक्सिजन देतात, आणि कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होऊ शकतो.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद चक्रात तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, बहुतेक वेळा नळीच्या जोडाच्या नटपाशी, आणि तिथे तेलाचा ओशट डाग दिसतो. साबणाच्या फेसाने ती जागा सापडते. गळती न शोधता जो गॅस भरायला निघतो त्याला दारातूनच परत पाठवा.

‘पूर्ण संपलाय’ असं कोणी म्हणालं तर एसी बंद करायला लावा, दहा मिनिटं थांबा आणि दोन्ही वाल्व उघडे ठेवून काटा परत दाखवायला सांगा. आर-३२ च्या एसीत थोडाबहुत गॅस शिल्लक असला तरी उन्हाळ्यात बंद अवस्थेत काटा दोनशे पीएसआयच्या (गेजवरचं दाबाचं माप) वर दिसतो. खरंच रिकामा असेल तर गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढावी लागते, आणि मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून स्टिकरवर लिहिलेलं वजनच भरायचं असतं. ज्याच्याकडे वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप नाही त्याच्याकडून गॅस भरून घेऊ नका, मग तो कितीही स्वस्तात म्हणो.

कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डवरून किंवा युनिटवरच्या स्टिकरवरून घ्या. आम्ही कार्डवरच्या नंबरवर फोन केला तेव्हा कळलं, त्या दिवशी त्यांच्याकडे आमची तक्रारच नोंदलेली नव्हती. बिलावर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही. व्हिडिओ, बिल आणि यूपीआयची पावती घेऊन १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. ज्यांच्याकडे असं घडलंय त्यांनी निदान बिल आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि आई-वडील एकटे राहत असतील तर वॉरंटी कार्डवरचा नंबर आजच त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.