पाकिटावर छापलेला पत्ता : सबडोमेन जोडून झाले आठ महिने

वसमतजवळच्या आमच्या गावात सात घरं मिळून आम्ही हळद पावडर विकतो. सेलम हळद, घरच्याच रानातली. मागच्या वर्षी ऑनलाइन दुकान उघडलं ते तयार सेवेवर. सर्व्हर त्यांचा, महिन्याचं भाडं आपलं. त्यांनी दिलेला पत्ता लांबलचक होता, आधी आमचं नाव, मग आकडे आणि शेवटी त्यांच्या कंपनीचं नाव. नांदेडच्या एका प्रदर्शनात एका ताईंनी पाकीट उलटून पाहिलं आणि विचारलं, "दादा, हळद तुमची, मग पत्ता दुसऱ्याचा कसा?" त्याच आठवड्यात सबडोमेन, म्हणजे आपल्याच डोमेनच्या (वेबसाइटच्या नावाच्या) पोटातला पत्ता, दुकानाला जोडायचं ठरलं.

आमच्या नावाचं डोमेन आधीपासून होतंच. त्यावर गटाच्या माहितीची साइट आणि ईमेल चालतो, त्याला हात लावायचा नव्हता. म्हणून नावाच्या आधी 'दुकान' लावून सबडोमेन केलं. दुकान जोडायला लागतं ते सीनेम रेकॉर्ड, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवणारी नोंद. मूळ नावावर ते बसतही नाही, कारण तिथे एनएस आणि एसओए ही डोमेनची मूलभूत रेकॉर्ड असतातच आणि सीनेमच्या जोडीला त्याच नावावर दुसरं रेकॉर्ड चालत नाही. हा नियम १९८७ च्या आरएफसी १०३४ या इंटरनेटच्या नियमपत्रापासूनचा आहे. सबडोमेनसाठी वेगळे पैसे पडले नाहीत, पण स्वतःचा पत्ता जोडायची सोय दुकानाच्या सेवेत फक्त वरच्या प्लॅनमध्ये होती, तो घ्यावा लागला.

जोडणी म्हणजे डोमेनच्या पॅनेलमध्ये सीनेमची एक ओळ भरायचं काम: होस्टच्या रकान्यात नाव, समोर सेवेनं दिलेला पत्ता. त्या एका ओळीनं आमची अख्खी संध्याकाळ खाल्ली. पॅकिंगच्या शेडमध्ये पुतण्या लॅपटॉप घेऊन बसला, मी बाजूला मोबाइलवर दर मिनिटाला पान उघडून बघत होतो. काहीच उघडेना. शेवटी कळलं की होस्टच्या रकान्यात आम्ही पूर्ण पत्ता टाकला होता आणि पॅनेल त्याच्यापुढे आमचं डोमेन स्वतःहून जोडत होतं. म्हणजे रेकॉर्ड तयार झालं ते 'दुकान डॉट नाव डॉट इन डॉट नाव डॉट इन' या पत्त्याचं. तिथे फक्त 'दुकान' एवढंच हवं होतं.

दुरुस्त केल्यावर पुतण्याच्या मोबाइलवर पान लगेच उघडलं, माझ्यावर तासभर नाही. कारण मी आधीपासून उघडून बघत होतो. नाव सापडलं नाही, हे उत्तरसुद्धा डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा) काही काळ साठवून ठेवतं आणि तो काळ एसओए रेकॉर्डमधल्या आकड्यावर ठरतो. नवीन कुणी जोडणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी रेकॉर्ड जतन करा, मगच पत्ता उघडा.

दुसरी अडचण सर्टिफिकेटची, म्हणजे कनेक्शन सुरक्षित असल्याच्या दाखल्याची. पत्ता लागला, पण उघडणाऱ्याला 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा दिसायचा. दोन दिवस सेवेच्या पॅनेलवर 'प्रलंबित' एवढंच. दिवाळी तोंडावर आलेली, ऑर्डरी अडकल्या, जीव टांगणीला लागला. माहितीची साइट बनवणाऱ्यानं पूर्वी डोमेनवर सीएए रेकॉर्ड टाकून ठेवलं होतं. आपल्या नावाचं सर्टिफिकेट कोणी द्यायचं, ते या रेकॉर्डमधून सांगता येतं. २०१७ पासून प्रत्येक सर्टिफिकेट देणाऱ्याला ते तपासावंच लागतं आणि सबडोमेनचं वेगळं नसेल तर मूळ डोमेनवरचं सीएए त्यालाही लागू होतं. आमच्या दुकानाचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून येणार होतं आणि त्यांचं नाव तिथे नव्हतं. नाव घातलं, थोड्याच वेळात इशारा गेला. आम्हाला मिळालेलं सर्टिफिकेट ९० दिवसांचं होतं, सेवा ते स्वतः नवं करते. त्या बाबतीत आजपर्यंत तक्रार नाही.

पण या सगळ्या खटाटोपाचं मोल कळलं ते मार्चमध्ये. गावात काढणी आणि शिजवणीची धांदल, कुकरच्या वाफेनं रानं भरलेली आणि नेमकं तेव्हाच त्या सेवेनं भाडं वाढवलं. दुसरीकडे जायचं ठरलं. त्या वेळी क्यूआर कोड छापलेली दोन हजार पाकिटं बाजारात आणि घरांत होती. जुना लांब पत्ता असता तर ती सगळी मुकी झाली असती.

आम्ही दोन दिवस आधी टीटीएल, म्हणजे डीएनएसनं उत्तर किती वेळ साठवायचं तो आकडा, एक दिवसावरून ३०० सेकंदांवर आणला. नव्या सेवेत दुकान मांडलं, टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाकून डोमेन आपलंच असल्याचं पटवून दिलं आणि रात्री साडेदहाला सीनेमसमोरचा पत्ता बदलला. मी हातात जुनं पाकीट धरून कोड स्कॅन करत होतो. अकराच्या आत त्याच कोडवर नवं दुकान उघडलं. आईला दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे दुकान हललं, पण उंबरा तोच." मला यापेक्षा नीट सांगता येणार नाही.

एक घाव मात्र बसला. काही पाकिटांवरच्या कोडमध्ये पत्त्याच्या पुढे तिरकी रेघ देऊन थेट पावडरच्या पानाचा मार्ग घातला होता. नव्या सेवेत पानांचे मार्ग वेगळे, त्यामुळे तिथे 'पान सापडले नाही' यायचं. एका गिऱ्हाइकानं परभणीहून फोन करून सांगितलं तेव्हा कळलं. मग जुन्या मार्गावरून नव्या मार्गावर वळवणी लावली. सबडोमेन आपलं असतं, रेघेपुढचं सगळं सेवेचं असतं.

सेवा बदलताना चाचणीसाठी केलेलं आणखी एक सबडोमेन जुन्या सेवेकडे बोट दाखवत तसंच राहिलं होतं. आपलं खातं बंद झाल्यावर असा मोकळा पत्ता दुसरा कुणी तिथे स्वतःच्या खात्याला जोडून घेऊ शकतो आणि आपल्या नावावर फसवणूक करू शकतो. पुतण्याच्या लक्षात आलं, रेकॉर्ड त्याच दिवशी काढून टाकलं.

नव्या पाकिटांचा नमुना परवा छापखान्यात दिला. कोडमध्ये फक्त सबडोमेन आहे, पुढे काही नाही. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख शेडमधल्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिली आहे आणि ती बघायचं काम आईनं स्वतःकडे घेतलं आहे.